पेरियारच्या सदाहरित जंगलात जायचे तर दिवाळीत की उन्हाळ्यात?

सोलापूरहून वयस्कर आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्प पाहायचा आहे आणि त्यासाठी दिवाळीची सुट्टी बरी की उन्हाळ्याची, असे आपण विचारले आहे. मी तेथे एकदा दिवाळीत आणि एकदा मार्चच्या अखेरीस गेले आहे. माझे मत स्पष्टपणे उन्हाळ्याच्या बाजूचे आहे, मात्र त्याचे कारण आपल्याकडच्या जंगलांना लागू पडते ते नव्हे.

ताडोब्यासारख्या पानझडी जंगलात उन्हाळ्यात पाने गळतात, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात, म्हणून तेथे एप्रिल-मे चांगला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तर काळविटांचा कळप अर्ध्या मैलावरूनही दिसतो. सदाहरित जंगलाचे तसे नाही. तेथील झाडी भर चैत्रातही इतकी दाट असते की वीस पावलांवर उभा असलेला गवा दिसेलच याची खात्री देता येत नाही. त्यामुळे पेरियारमध्ये जनावर दिसते ते प्रामुख्याने जलाशयाच्या काठावर, आणि ऋतू निवडताना झाडांपेक्षा पाण्याची पातळी पाहावी लागते.

हा जलाशय १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाचा असून त्याचे पाणी बोगद्यातून घाटापलीकडे तामिळनाडूच्या शेतीला जाते. पावसाळ्यांत तो भरतो तेव्हा पाणी थेट झाडीला भिडते आणि काठ असा उरतच नाही. जानेवारीनंतर पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि ते खाण्यासाठी हत्ती, गवे व सांबर झाडीतून बाहेर येतात. मार्चमध्ये सकाळच्या पहिल्या बोटीतून आम्ही हत्तिणींचा एक कळप पाहिला. त्यातले लहान पिल्लू सोंडेने गवताचा झुबका उपटायचा प्रयत्न करीत होते आणि प्रत्येक वेळी झुबका निसटून त्याच्या सोंडेत नुसती तांबडी माती येत होती. बोटीतील सगळे जण इतके स्तब्ध झाले होते की गवत तुटल्याचा आवाज ऐकू येत होता. पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या वठलेल्या खोडांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. वाघ मात्र दिसला नाही, आणि येथे तो दिसेल अशी आशा मुलीला न लावलेली बरी.

दिवाळीबद्दल सोलापूरकरांची हमखास एक चूक होते, आणि माझीही तीच झाली होती. दसरा झाला की पाऊस संपला, हे आपले गणित केरळात चालत नाही. तेथे नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस येतो. त्याला तेथील लोक तुलावर्षम म्हणतात. सकाळ स्वच्छ असते, दुपारनंतर ढग दाटून येतात आणि विजांच्या कडकडाटासह सर कोसळते. आम्ही त्या ओल्या जंगलात पायी फिरलो तेव्हा वाटाड्याने गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे बांधायला दिले होते, तरीही मुक्कामी परतल्यावर माझ्या कमरेला जळू चिकटलेली सापडली. जळवांपासून धोका फारसा नसतो, परंतु आपल्या आई-वडिलांना निसरड्या वाटेवर हा त्रास देऊ नये असे मला मनापासून वाटते. पावसाळी जंगलाचे हिरवेपण, धुके आणि बेडकांचा आवाज यांसाठी मी स्वतः पुन्हा जाईन, पण एकटी.

डिसेंबर-जानेवारीत हवा सुखद असते, परंतु जलाशयात पाणी भरपूर असते. शिवाय अय्यप्पाचे तीर्थक्षेत्र शबरीमला याच प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्याने नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत प्रकल्पालगतच्या कुमिळी गावाच्या रस्त्यांवर यात्रेकरूंची प्रचंड गर्दी असते. सोलापूरच्या पूर्व भागातून काळी वस्त्रे नेसून निघणारे अय्यप्पाभक्त आपण पाहिले असतीलच.

आता शाळेचा प्रश्न. मार्च उत्तम, पण परीक्षा आड येते. म्हणून परीक्षा संपताच, एप्रिलच्या उत्तरार्धात निघावे. तेव्हा वळवाच्या सरी दुपारी येतात, मात्र सकाळ बहुधा कोरडी मिळते आणि पाणीही खाली गेलेले असते. ठिकाण उंचावर असल्याने सोलापूरच्या बेचाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला तेथे बरेच वाटते. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये, कारण १ जूनच्या आसपास मोसमी पाऊस केरळात दाखल होतो. पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. कोट्टायमला उतरून पुढे कुमिळीपर्यंत घाटाचा रस्ता आहे. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा फेब्रुवारी संपण्यापूर्वीच तारीख ठरवावी, आणि तेथे पोहोचल्यावर दुपारच्या बोटीऐवजी सकाळच्या पहिल्या बोटीचेच तिकीट काढावे.