गप्प फोन डोक्यात वाजतो तेव्हा

"मॅडम, सगळे ॲप एकदाचे काढून टाकले, की मन शांत होईल ना?" हा प्रश्न गृहिणी, विद्यार्थी, बँकेतले अधिकारी अशा सर्वांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एका अनुभवाच्या आधारे लिहावेसे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई माध्यमिक शाळेत शिकवतात. झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे आणि मैत्रिणींच्या सहलींचे फोटो पाहून आपलेच आयुष्य फुकट गेल्यासारखे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. माझ्याकडे येण्यापूर्वीच त्यांनी सगळी नोटिफिकेशन बंद करून संध्याकाळी फोन कपाटात ठेवायला सुरुवात केली होती. बेचैनी मात्र वाढतच चालली होती.

"कपाट किती वेळा उघडता?"

"मोजलं नाही कधी."

"आठवडाभर मोजा. बाकी काहीही बदलू नका."

हे सांगण्यामागे कारण होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणले, तेव्हा तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी नोंद : वापर न घटवलेल्या गटाचीही चिंता कमी झाली, आणि आपल्या वापराची नोंद ठेवावी लागल्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांना वाटले.

पुढच्या भेटीत सुनंदाताईंनी शाळेची एक जुनी वही आणली. मागच्या पानावर चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे पाचापाचांचे गठ्ठे होते. एका संध्याकाळचे सव्वीस.

"प्रत्येक वेळी काय शोधत होता?"

सुनंदाताई बराच वेळ त्या रेघांकडेच पाहत राहिल्या. "लेकीचा मेसेज. ती नागपूरला हॉस्टेलवर असते ना. तो नसला, तरी हात तसाच पुढे सरकत राहतो. मॅडम, फोन वाजतो तेव्हा मी त्याला विसरते तरी. गप्प असला, की तो माझ्या डोक्यात वाजत राहतो."

बावीस वर्षांच्या कामात इतके नेमके निदान मी क्वचितच ऐकले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने नेमके हेच दाखवले होते : नोटिफिकेशन दिवसातून ठरावीक तीन वेळा एकत्र मिळालेल्या लोकांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली, तर ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना फायदा फारसा झालाच नाही, उलट चिंता वाढली. फोन हाती किती वेळ असतो यापेक्षा तो कधी घ्यायचा हे कोण ठरवते, याकडे मी म्हणूनच आधी पाहते.

आम्ही ठरवले, की लेकीच्या कॉलची रिंग चालू राहील आणि मेसेज मधल्या सुट्टीत, संध्याकाळच्या चहाला आणि रात्री नऊला पाहायचे. फोटो नुसते पाहत पुढे जायचे नाही; मैत्रिणीला दोन ओळी लिहायच्या किंवा फोन करायचा. नुसते पाहत राहण्याने मत्सर वाढतो आणि मन खट्टू होते, हे मिशिगन विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासातही आढळले होते.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. २०१८ मध्ये अमेरिकेत चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांचा दिवसाला सुमारे तासभर वाचला, कुटुंबीयांसोबतचा वेळ वाढला आणि समाधानही वाढले; पण ती वाढ लहान होती. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप किंवा भूक हरपली, तर फोनला दोष देत न बसता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, हे मी प्रत्येकाला सांगते आणि सुनंदाताईंनाही सांगितले.

पाचव्या भेटीत त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली. आदल्या दिवसाच्या पानावर चार रेघा होत्या. चौथी रात्री साडेदहाची होती, आणि तिच्यापुढे वेळही त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिली होती.