काढाही चालू, गोळीही चालू

प्रश्न : सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे धरलेत. दोन वर्षं रोज डायक्लोफेनॅक घेतात, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. दुखण्याच्या गोळीने किडनी जाते असं कानावर आल्यावर नणंदेने पुनर्नवा-गोखरूचा काढा सुरू करून दिला. 'आता गोळी बिनधास्त घ्या,' म्हणाली. काढ्याने किडनी खरंच वाचते का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, मला काढ्यापेक्षा त्या 'बिनधास्त'चीच जास्त धास्ती वाटली.

पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी. पावसाळ्यात आमच्या परसात पसरायची, आई डाळ घालून भाजी करायची. माझं तिच्याशी वैर नाही. फार्माकॉलॉजीत एम.डी. करताना मी अशाच एका वनस्पतीच्या अर्कावर काम केलं. पांढऱ्या उंदरांना आठ दिवस जेंटामायसिन हे किडनीला बाधणारं अँटिबायोटिक टोचायचं, निम्म्यांना सोबत अर्क पाजायचा, नवव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक, बघायचं. अर्कवाल्यांचं खरंच कमी वाढलं. सरांनी पेढे मागितले, मी दिलेही.

पण ते उंदीर तरुण, धडधाकट. ना बीपी, ना मधुमेह. अर्क पहिल्या इंजेक्शनच्या आधीपासून पोटात. इंजेक्शनचा डोस किलोमागे 80 मिलीग्रॅम. माणसाला दिवसाला किलोमागे पाचेक देतात. शिवाय जेंटामायसिन किडनीच्या नलिकांतल्या पेशींत साठून त्या मारतं. सासूबाईंच्या गोळीची तऱ्हाच निराळी. किडनीतल्या गाळणीकडे रक्त नेणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाच्या जोरावर मोकळी राहते, विशेषतः अंगातलं पाणी कमी झालं की. डायक्लोफेनॅक तेच बनू देत नाही. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी धमनी सैल करतं. म्हणजे येणारा नळ आवळलेला, जाणारा उघडा. गाळायला दाबच उरत नाही. मे महिन्यात दोन-चार जुलाब झाले तरी अशा माणसाची लघवी कमी होऊ शकते. माझ्या उंदरांवरून या भानगडीबद्दल काहीच सांगता येत नाही.

आणखी एक. घेटुळीत पोटॅशियम भरपूर. टेल्मिसार्टन रक्तातलं पोटॅशियम वाढवतं, डायक्लोफेनॅकही. तिन्ही एकत्र आल्यावर किडनी थोडी जरी मंदावलेली असली तरी ते हृदयाला झेपेलच असं नाही. पुडीत नेमकं काय आहे हेही बघायला हवं. 1990च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन घटवायला चिनी वनस्पतींची पूड घेतलेल्या बायकांच्या किडन्या गेल्या. एका मुळीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया ही किडनीला विषारी वनस्पती आली होती. आपल्याकडची सापसंद त्याच कुळातली.

तेव्हा तपासण्या होईपर्यंत काढा थांबवा. या आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ती लांब पल्ल्यात किडनीला धार्जिणी आहे. रिपोर्ट आणि काढ्याची पुडी डॉक्टरांपुढे ठेवा. रोजची डायक्लोफेनॅक सुटेल का, हे स्पष्ट विचारा. गुडघ्यावर त्याचंच जेल लावलं तर रक्तात फार कमी उतरतं. पॅरासिटामॉल किती चालेल तेही विचारा. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. फळ दिसायला दीड-दोन महिने लागतात, तोवर कुरकुर ऐकावी लागेल.

आणि जायच्या आधी सासूबाईंच्या उशाजवळचा डबा एकदा उघडून रिकाम्या स्ट्रिप्स मोजा. 'रोज एकच' म्हणणाऱ्या माझ्या आईच्या डब्यात महिन्याला सहा निघाल्या होत्या, दहा-दहा गोळ्यांच्या.