करंट दिला की मूठ वळते, मशीन काढली की सुटते

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २८) गेल्या वर्षी आंबे काढताना झाडावरून पडला. मानेत मज्जारज्जूला सी-६ (मानेतली सहावी) पातळीवर इजा आहे. मनगट वर उचलतो, पण बोटं हलत नाहीत. फिजिओथेरपिस्टनी कोपराखाली पॅड लावून करंट दिला तेव्हा मूठ चक्क वळली. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मशीन बंद केल्यावर हात पुन्हा तसाच. मशीन विकत घेतली तर हात बरा होईल का? रोज तेल लावून आम्ही बोटं सरळ करतो.
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, आधी ते बोटं सरळ करणं आजच बदला, मशीनचं नंतर बोलू. मनगट उचलल्यावर तुमच्या भावाची बोटं आपोआप थोडी मिटत असतील आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकत असेल. हे स्नायूबंधांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, ताणामुळे होतं. त्या पकडीत चमचा, टूथब्रश, मोबाईल धरता येतो. मनगट वर असताना बोटं ताणून सरळ केलीत, तर हाच ताण सैल पडतो आणि हातची पकड जाते. बोटं उघडायची तेव्हा मनगट खाली सोडा. मनगट वर घेतलं की बोटं मिटू द्या. घरोघरी हे मायेनेच चुकतं, म्हणून इतकं कळकळीने सांगते आहे.

आता करंट. मूठ वळली म्हणजे मज्जारज्जूपासून बोटांच्या स्नायूंपर्यंतची नस जिवंत आहे. तुटलंय ते वरचं, मेंदूकडून येणारं. मेंदूचा निरोप पोचत नाही, तो मशीन देते. मशीन थांबली की निरोपही थांबतो. इजा अपूर्ण असेल, म्हणजे मेंदूचे थोडे निरोप अजून खाली पोचत असतील, तर करंट चालू असताना भावाने स्वतःही मूठ वळवायचा प्रयत्न केल्याने काही हालचाल परतू शकते. इजा पूर्ण असेल, तर मशीन हे साधन आहे, उपचार नव्हे.

साधन म्हणून मात्र ते खरोखर कामाचं आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडला १९८६ मध्ये हातात करंट देणारे आठ इलेक्ट्रोड बसवून पहिलं रोपण झालं. दुसऱ्या बाजूचा खांदा हलवायचा आणि या हाताची मूठ उघडायची-मिटायची! पेला धरायला एक पकड, किल्ली धरायला दुसरी. १९९७ मध्ये त्याला तिथे सरकारी मान्यता मिळाली, पण काही वर्षांतच कंपनीने विक्री थांबवली. मला त्याची आजही हळहळ वाटते.

वरून लावायच्या पॅडने मूठ मिटते, पण हात लवकर थकतो. मेंदू स्नायूतंतूंना आळीपाळीने कामाला लावतो. करंट त्याच त्याच तंतूंना एकदम जुंपतो. वर्षभर पडून असलेल्या स्नायूंना ताकद यायला काही आठवडे जातात. कातडीला संवेदना कमी असल्याने पॅड काढल्यावर खालची जागा रोज नीट बघा, भाजलं तरी त्याला कळणार नाही. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर करंट लगेच बंद करा, त्याला बसतं करा, लघवीची नळी तुंबलीय का पाहा, आणि तरी थांबलं नाही तर तडक दवाखाना गाठा.

मशीनवर पैसे घालण्याआधी एखाद्या हँड सर्जनला हात दाखवा. कोपर वाकवणारा एक जादा स्नायू अंगठ्याच्या स्नायूबंधाला जोडून चिमटीत जोर आणता येतो. ती पकड बॅटरीवर चालत नाही. भावाला स्वतःच्या हाताने आधी काय करायचंय, तेही विचारा आणि सर्जनना तेच पहिलं सांगा.