आई-बाबांना ग्रँड कॅनियन दाखवायचाय, लास वेगासहून एका दिवसात जमेल का?

तुमचा प्रश्न असा: आई-बाबा ऑक्टोबरमध्ये येताहेत, वय ७० आणि ७४, आईंचे गुडघे दुखतात. लास वेगासला मुक्काम असेल तर ग्रँड कॅनियन तिथूनच एका दिवसात उरकता येईल का, आणि गाडी घ्यावी की बस?

उरकता येतो. आम्ही उरकला होता, म्हणून सांगतो, तसं करू नका.

माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही वेगासहून बसची सहल घेतली. पहाटे साडेपाचला निघालो, रात्री साडेनऊला परत. त्यात कॅनियनच्या कडेवर मिळाले जेमतेम तीन तास, तेही भर दुपारचे. ऊन डोक्यावर असताना कॅनियन सपाट दिसतो, नाटकाच्या मागच्या पडद्यासारखा. सावल्या पडल्याशिवाय त्याची खोली कळतच नाही. बाबा "छान आहे" म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

आधी कुठला कॅनियन ते ठरवा. वेगासमध्ये ग्रँड कॅनियनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सहली वेगवेगळ्या ठिकाणी जातात. काचेचा स्कायवॉक आहे तो ग्रँड कॅनियन वेस्ट. ती हुआलापाई या मूळनिवासी लोकांची जमीन, नॅशनल पार्कचा भाग नाही, पार्कचा पास तिथे चालत नाही. वेगासहून अडीच तासांवर असल्यामुळे तिकडच्या सहली खपतात. तुमच्या डोक्यात फोटोतला जो कॅनियन आहे तो बहुतेक साऊथ रिमचा, म्हणजे दक्षिण कडेचा, आणि तो वेगासहून ४५० किलोमीटर, एका बाजूने साडेचार तास. नॉर्थ रिम हिशेबात धरू नका. समोर दिसते, सरळ रेषेत १६ किलोमीटर, पण रस्त्याने जायला साडेचार-पाच तास लागतात. शिवाय तिथलं जुनं लॉज जुलै २०२५च्या वणव्यात जळून गेलं.

आता राहायचं. विमानाची तिकिटं काढण्याआधी खोली बघा, उलट नको. साऊथ रिमच्या गावातच सहा लॉजेस आहेत आणि बहुतेकांचं बुकिंग १३ महिने आधी उघडतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या खोल्या केव्हाच गेलेल्या असतात. तरी निराश होऊ नका, लोक बुकिंग रद्द करत राहतात. मी दोन आठवडे रोज सकाळी चहाबरोबर वेबसाइट उघडत होतो, बाराव्या दिवशी दोन रात्री मिळाल्या.

एल टोव्हार हे १९०५ सालचं लाकडी हॉटेल सगळ्यांना हवं असतं, पण तिथे लिफ्ट नाही. तुमच्या आईंसाठी हे आधी लक्षात घ्या. ब्राइट एंजेल लॉजमधल्या काही स्वस्त खोल्यांना बाथरूम सामाईक आहे, बुक करताना नीट वाचा. मॅस्विक आणि यावापाई कडेपासून जरा आत आहेत, पण बस दाराशी येते. कुठेही घ्या, तळमजला मागून घ्या. गावात नाहीच मिळालं तर पार्कच्या दाराबाहेर टुसायान हे छोटं गाव आहे, तेही भरलं तर तासाभरावर विल्यम्स गाव.

एक सावधगिरी. गावाचं पाणी कॅनियनच्या पोटातून येणाऱ्या जुन्या पाइपलाइनने येतं आणि ती फुटत असते. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस, ऐन लाँग वीकेंडला, ती अशी फुटली की पार्कमधले रात्रीचे मुक्कामच बंद करावे लागले. टुसायानची हॉटेलं मात्र चालू होती. म्हणून पैसे परत मिळणारं बुकिंग घ्या.

दोन रात्री राहण्याचा फायदा आम्हाला दुसऱ्या फेरीत कळला. ऑक्टोबरमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. बाबा कानटोपी घालून, आई शालीवर जाकीट चढवून, असे आम्ही सहालाच बाकावर. आधी पलीकडची कडा पिवळी झाली, मग ऊन एकेक थर खाली उतरायला लागलं. जे सपाट दिसलं होतं त्यातून बुरूज, सोंडा, घळी सुट्या होऊन बाहेर आल्या. बाबा पाऊण तास एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "थर्मासमध्ये चहा उरलाय का?"

गाडी की बस? दोन्ही. वेगासला जायचंच असेल तर जा, पण विमान फिनिक्सला उतरवता आलं तर तिथून गाडीने साडेतीन-चार तासच लागतात. गाडी भाड्याने घ्या, कारण वाटेत हवं तिथे थांबता येतं, आणि ज्येष्ठांबरोबर ते लागतंच. पार्कच्या दक्षिण दरवाजावर सकाळी नऊच्या आत पोचा, नाहीतर रांगेत बसाल. पेट्रोल टुसायानलाच भरून घ्या.

गावात शिरल्यावर मात्र गाडी लावून टाका आणि पार्कच्या मोफत बसने फिरा. बस दाराशी खाली झुकते, रॅम्प निघतो, आईचा गुडघा एकदाही कुरकुरला नाही. हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते, तिथे लाल मार्गाची बस. पण बसमध्ये चढउतार जमतच नसेल तर पार्क एक मोफत परवाना देतं, तो दाखवून तुमची गाडी तिथे नेता येते. प्रवेशद्वारावरच मागा.

डेझर्ट व्ह्यू ड्राइव्ह हा पूर्वेचा ४० किलोमीटरचा रस्ता. शेवटच्या मनोऱ्यापर्यंत शटल जात नाही, तो संध्याकाळी आपल्या गाडीने करा. अंधार पडताना सावकाश चालवा, एल्क, म्हणजे मोठी हरणं, रस्त्यात उभी असतात. विल्यम्सहून १९०१ पासूनची रेल्वेही आहे. मजा येते, पण ती पावणेबाराला पोचवते आणि साडेतीनला परत नेते. पुन्हा तीच दुपार.

पैशाचं: गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात. पण २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या परदेशी पाहुण्यांना या पार्कमध्ये माणशी १०० डॉलर जादा पडतात. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर हे बजेटमध्ये धरा. आणि साऊथ रिम २१०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. पहिल्या दिवशी दम लागेल, रात्री पारा दोन-तीन अंशांवर येईल. स्वेटर बॅगेत तळाशी ठेवू नका.

पुढे पेज गावाजवळची अरुंद घळ, अँटिलोप कॅनियन, बघणार असाल तर फोनची वेळ हाताने फिनिक्सवर लावून ठेवा. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यातलाच नावाहो या मूळनिवासी लोकांचा प्रदेश करतो, आणि रस्ता त्यातूनच जातो. आमचे फोन एक तास पुढे गेले, आम्ही धापा टाकत पोचलो, तर आमच्या वेळेला अजून तास बाकी होता. गाडीत बसून दशम्या संपवल्या.