आधी नकाशा लाव
अरे, व्याख्यानाला रशिया आणि युरोप हा विषय घेतलास ना, मग पुतिनपासून सुरुवात करू नकोस. फोंड्यात मी तेच केलं आणि पुढच्या रांगेतले काका सरळ चहाला उठले. आधी नकाशा लाव. फिनलंडची रशियाशी सीमा सुमारे १३४० किलोमीटर. १९३९ साली सोव्हिएत फौजा तिथूनच घुसल्या. पुढे कित्येक दशकं लष्करी गटांपासून लांब राहिलेला हा देश युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२३ मध्ये, नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी गटात गेला. शेजारी बदलता येत नाही, सोयरीक बदलली!

आपल्या लोकांसाठी १९६१, म्हणजे पोर्तुगालकडून गोवा मुक्त झाला ते साल, काढच. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, पण नाटोचा संरक्षण करार कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरता. गोवा त्याच्या खाली, म्हणजे कराराबाहेर. शिवाय सुरक्षा परिषदेतला भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. सनावळी कागदावर लिहून ने, निवृत्त मास्तर हमखास विचारतात.