इंग्लंडला निघण्याआधी पेन्शनचं विचारलंस म्हणून

वेर्ण्याच्या कंपनीत 11 वर्षं काढून तू कामाच्या व्हिसावर बायकोमुलांसह इंग्लंडला निघालास. पीएफ काढून टाकू का, म्हातारपणी गोव्यात परतलो तर इंग्लंडचं पेन्शन मिळेल का, असं विचारलंस. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी लिहीत नाही. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून मला चैन नाही.

पीएफ घाईने काढू नकोस. 10 वर्षं भरलीत, म्हणजे 58 व्या वर्षी ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन तुझ्या हक्काचं. थोडं असेल, पण आहे. इथे इंग्लंडमध्ये पगारातून नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीची वर्गणी, कापतात. त्याची 10 वर्षं भरली नाहीत तर सरकारी पेन्शन शून्य. पूर्ण पेन्शनला 35 लागतात. भारतातली वर्षं त्यात धरत नाहीत. तुझ्या वयाच्या माणसाला आजच्या कायद्याने ते 68 व्या वर्षी सुरू होणार. गोव्यात राहूनही मिळतं, पण तिथे सुरू झालं की त्याच आकड्यावर गोठतं. इथे राहणाऱ्यांचं दर एप्रिलला वाढतं.

कंपनीचं पेन्शन वेगळं. त्यात आज किमान 8 टक्के जमा होतात, निदान 3 मालकाचे. त्यातून बाहेर पडायची मुभा असते आणि मी चार वर्षं बाहेर राहिलो. गोव्यातलं पेडण्याचं घर बांधत होतो. चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी ऐसपैस बांधता यावी म्हणून हॉलची भिंत पाडून पुन्हा घातली. आज ते घर वर्षातले 11 महिने बंद असतं. मालकाचे पैसे मी आपल्या हाताने सोडले. तू सोडू नकोस.

पण सलतं ते माझ्या बायकोचं. मुलीसाठी ती आठ वर्षं घरी होती. 12 वर्षांखालच्या मुलाचा सरकारी भत्ता ज्याच्या नावावर, त्याला नॅशनल इन्शुरन्सची वर्षं फुकट मिळतात. माझी वर्षं पगारातून भरतच होती, तरी पैसे माझ्या खात्यात यावेत म्हणून मी एजंटाला माझंच नाव घालायला सांगितलं. तिला विचारलंसुद्धा नाही. ती वर्षं तिच्या नावावर करा म्हणून आता अर्ज केलाय. दोन पत्रं आली, दोन्हींत लग्नाचा दाखला मागितलेला. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. समजावून समजावून मी थकलो. ती सध्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्याआधी एका दुकानात तास इतके कमी होते की आठवड्याची कमाई नॅशनल इन्शुरन्सच्या किमान मर्यादेपर्यंतही जात नसे, म्हणून ते वर्ष मोजलंच गेलं नाही.

तुझ्या व्हिसावर तो भत्ता मिळणार नाही. म्हणून बायकोला रोखीचं काम धरू देऊ नकोस, पगाराची पावती मिळेल असंच धरू दे. आणि तिचा हिशेब तिच्यासमोर बसून कर.

एकटेपणाचं म्हणशील तर पहिला हिवाळा जड जातो, मग अंगवळणी पडतं.

नॅशनल इन्शुरन्सची माझी 12 वर्षं झाली, तिची 2. अर्ज फेटाळला तर तिची 10 भरायला आणखी आठ हिवाळे. परवा तिने विचारलं, आपण परतायचं कधी? पेडण्याला आई 81 वर्षांची आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.