पुण्या-मुंबईच्या फेऱ्या न मारता इतिहासाच्या संशोधनाचं साहित्य ऑनलाइन कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की श्रीगोंद्यात शाळेची नोकरी सांभाळून पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांच्या १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांवर पीएच.डी. करायची आहे, दर महिन्याला पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही, तेव्हा चांगल्या वेबसाइटची यादी द्या. मीही तालुक्याच्या गावी राहूनच प्रबंध पुरा केला, म्हणून उत्तर देतोय. पण नुसत्या यादीने काम होत नाही. साहित्य ढिगाने आहे. घोडं अडतं ते शोधपेटीत कोणता शब्द टाकायचा यावर.

सुरुवात जुन्या गॅझेटिअरपासून, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांपासून करा. कॅम्पबेल यांच्या संपादनाखालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १७ वा खंड (१८८४) अहमदनगरचा आणि १८ वा (१८८५, तीन भाग) पुण्याचा. दोन्ही इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर (archive.org) फुकट आहेत, शिवाय राज्य सरकारच्या गॅझेटिअर विभागानेही ऑनलाइन ठेवलेत. आता गंमत बघा. अनुक्रमणिकेत 'सावकारी' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. व्याजाचे दर, कर्जदार, सावकारांच्या जाती, हे सगळं 'कॅपिटल' नावाच्या प्रकरणात आहे. मला हे कळायला दोन आठवडे लागले होते.

नावांचंही तसंच. आपला जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण शोधताना अहमदनगरच टाकायचं. पुण्याचं पूना, सोलापूरचं शोलापूर. सावकार हा शब्द इंग्रजीत कुठे 'व्ही' घालून, कुठे 'डब्ल्यू' घालून लिहिलाय, तेव्हा तीन-चार स्पेलिंग करून पाहा. आणि सुप्याची खबरदारी घ्या. १२ मे १८७५ ला दंगा पेटला ते सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं. तुमच्या शेजारच्या पारनेरात एमआयडीसीचं सुपा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. एका चर्चासत्रात एका वक्त्याने पारनेरचाच नकाशा पडद्यावर लावलेला मी पाहिलाय.

दंग्यांच्या चौकशी समितीचा अहवाल शोधताना 'डेक्कन रायट्स' हे दंग्यांचं रूढ इंग्रजी नाव टाकून थांबू नका. त्याच्या नावात 'कमिटी ऑन द रायट्स इन पूना अँड अहमदनगर' असे शब्द आहेत, तसे टाका. इंटरनेट आर्काइव्हखेरीज पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचं डिजिटल भांडारही धुंडाळा. शेती, महसूल, दुष्काळ यांवरचे जुने छापील अहवाल आणि पुस्तकं तिथे जेवढी आहेत, तेवढी मला दुसरीकडे एका जागी सापडली नाहीत.

जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर आणखी एक मेख आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो पुस्तकं आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, पण त्यांची मराठी नावं रोमन लिपीत कुणीतरी विचित्र पद्धतीने चढवलीत. 'आ' साठी दोन ए, शब्दाच्या मध्येच आडवी रेघ. सरळ 'महाराष्ट्र' टाकलं तर निम्मी पुस्तकं समोर येतच नाहीत. लेखकाच्या आडनावाने शोधा, तेही दोन-तीन तऱ्हांनी.

शब्दांवरून आठवलं. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्व्यांचा शब्दकोशही आहे. मोल्सवर्थमध्ये उलटा शोध घेता येतो, म्हणजे इंग्रजी अर्थातला शब्द टाकून. 'मॉर्गेज' किंवा 'बाँड' टाका आणि त्या काळच्या कर्जव्यवहाराची अख्खी भाषा पुढ्यात येते: खत (कर्जाचा लेखी कागद), रोखा, गहाण, नजरगहाण. हे कळलं की दंगेखोर शेतकरी सावकाराच्या दारात उभे राहून 'खतं बाहेर काढा' का म्हणत होते ते डोळ्यांसमोर येतं. माझ्या एका विद्यार्थ्याने यातल्या खताचा अर्थ शेणखत असा घेतला होता!

शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, तुम्हाला माहीत असेलच. तिथे प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतात. पहिली उघडायची ती शेवटची, संदर्भग्रंथसूचीची. तुमच्या विषयाच्या आसपासच्या चार प्रबंधांच्या सूच्या शेजारी शेजारी ठेवा, कुठली साधनं सगळ्यांनी वापरलीत आणि कुठली कुणीच नाही हे तासाभरात कळेल. मजकूर मात्र उचलू नका, विद्यापीठाचं सॉफ्टवेअर तिथेच जाऊन ताडून बघतं.

इंग्रजी नियतकालिकांसाठी आधी संशोधन केंद्राच्या ग्रंथपालांना भेटा आणि 'एन-लिस्टचं लॉगिन द्या' म्हणा; एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं पुरवणारी योजना. कित्येक कॉलेजांकडे ते असतं, पण कुणी मागतच नाही. ते नसेल तर जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या साइटवर फुकट खातं उघडा, महिन्याला ठरावीक लेख पडद्यावर वाचता येतात. नील चार्ल्सवर्थ यांचा १९७२ चा लेख आधी वाचा. या दंग्यांना इतिहासकारांनी नको इतकं मोठं केलं, असा त्यांचा वाद आहे. पटो न पटो, तुमच्या गाइडचा पहिला प्रश्न तिथूनच येणार.

या सगळ्यात बोलतात ते साहेब लोक. शेतकऱ्याचा, त्यातही बाईचा आवाज हवा असेल तर पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या साइटवरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी हजारावर गावांतून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या, कुणी गायली नि कोणत्या गावची या नोंदीसकट. त्या १८७५ चा पुरावा नव्हेत, संकलन शंभरावर वर्षांनंतरचं आहे. पण कर्ज आणि गरिबी घरात कशी बोलली जाते हे अहवालात मिळणार नाही.

एक चूक माझ्याकडून शिका. एका सरकारी खात्याच्या साइटवरचे अहवाल मी नुसते दुवे टिपून वापरले. प्रबंध टंकायला दिला त्याच महिन्यात साइट नवी झाली आणि माझ्या अकरा तळटीपा मेल्या. तेव्हापासून फाइल उतरवून घेतो, पान क्रमांक त्याच दिवशी लिहितो आणि दुवा वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या सेवेत, जपून ठेवतो. आणि चॅटबॉटला संदर्भ विचारलेत तर प्रत्येक पुस्तक खरंच आहे का ते बघा. न लिहिलेली पुस्तकं तो छान सुचवतो.

घरबसल्या होणार नाही असंही थोडं उरतंच. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या साइटवर दिल्लीत जपलेल्या फाइली दिसतील, पण मुंबई सरकारची स्वतःची दफ्तरं मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतले आठ-दहा दिवस राखून ठेवा. गॅझेटिअरमधली गावांची नावं आणि तारखा वहीत उतरवून गेलात, तर तिथल्या माणसाला नेमकी कोणती फाइल काढायची ते सांगता येईल. मोडी येत नसेल तर त्याआधीच्या दिवाळीत वर्ग करून घ्या.